सदतीस नंबरचं घर

२४ नोव्हेंबर २०२४
तांडा, फुलसावंगी

संजय,

आशीर्वाद लिहिला तर तू कागद तिथंच फाडशील, म्हणून लिहीत नाही. फोन तू बंद ठेवला आहेस. तसाही तुला फोनचा उपयोग चेहरा बघून हात हलवण्यापुरताच, आणि सध्या माझा चेहरा तुला बघायचा नाही. पण कागद वाचशील. समोर लिहिलेलं काही आलं की तुला राहवत नाही, मग ते खताच्या पोत्यावरचं का असेना. मुकादमाची जीप टोळीसाठी पीठ-मिरची घेऊन कऱ्हाडकडं येते, तिच्या ड्रायव्हरच्या, रामधनच्या हाती हे पाठवते.

मी लसीकरणाहून घरी आले तर खुंटीवर तुझी पिशवी नव्हती. याडी चुलीपुढं बसली होती. "गेला थो. टोळीत गेला," एवढंच म्हणाली. बा तर त्या दिवसापासून कुणाशीच बोलत नाही. दहावी पास पोरगा, मूकबधिर शाळेत अक्षराचं बक्षीस मिळवलेला, ऊस तोडायला गेला. तोही अर्धा कोयता. नवराबायको मिळून एक कोयता आणि एकटा माणूस अर्धा, हा हिशोब मला माहीत आहे. तरी रामधनला विचारलं. तो म्हणाला, "बहिरा हाय म्हून अर्धा नाही धरला, ताई. एकटा हाय म्हून." मला बरं वाटावं म्हणून सांगत होता बिचारा.

याडीनं त्याला बजावलं आहे, ट्रॅक्टर मागं घेताना आधी माझा पोरगा कुठं आहे ते बघायला सांग म्हणून. तू पण जरा मागं बघत जा. मी रागावले तरी तुला ऐकू येत नाही, म्हणून लिहून रागावते आहे.

तू का गेलास ते मला कळतं. यवतमाळच्या त्या केंद्रात सहा महिने राहून मोटार वाइंडिंग शिकवतात, तेही हातानं बोलणारे मास्तर. फुलचंदनं दुकानात तो कागद दाखवला त्या दिवशी तू जेवला नव्हतास. दोन वर्षं त्याच्या दुकानात तू जळालेल्या पंपाच्या मोटारी उघडतोस, तांब्याचे वेढे मोजतोस. मोटार सुरू झाली की बाकीचे कान देतात, तू हात ठेवतोस. फुलचंद सगळ्या फुलसावंगीला सांगत सुटतो, "थ्याच्या हाताले जे समजते, थे माह्या कानाले समजत नाही." पण तो तुला मोटार देतो, गिऱ्हाईक देत नाही. लोकांना वाटतं बहिऱ्याला काय समजणार. केंद्राचं प्रमाणपत्र मिळालं असतं, अवजारांची पेटी मिळाली असती, तर आपल्या तांड्याच्या फाट्यावर तुझं स्वतःचं दुकान उभं राहिलं असतं. हे सगळं तू मला हातवारे करून इतक्या वेळा सांगितलंस की माझेच हात दुखले.

आणि पंचविशीच्या आतच घेतात. तुला अकरा फेब्रुवारीला पंचवीस पूर्ण होतात. म्हणजे हीच बॅच, नाहीतर कधीच नाही.

ऑक्टोबरात ग्रामपंचायतीच्या भिंतीवर दिव्यांगांची यादी लागली, जिच्यात नाव असल्याशिवाय केंद्र घेत नाही, तेव्हा तू ती तीनदा वाचलीस. मग वळून माझ्याकडं पाहिलंस. मी खूण केली, ऑफिसची चूक असेल. तू अजून थोडा वेळ बघत राहिलास.

अजून वेळ गेलेली नाही. एकतीस डिसेंबरपर्यंत सुटलेलं नाव घालता येतं म्हणतात. मी महागावला जाते आणि तुझं नाव कुणी खाल्लं ते शोधून काढते.

माझी सगाई पाच जानेवारीला ठरली आहे. पहिल्या नवऱ्यानं टाकून दिल्याला सहा वर्षं झाली, आता पुन्हा हे सोंग. दारव्ह्याकडचा भारत, बायको वारलेला, काळीपिवळी जीप चालवतो. माणूस बरा वाटतो. तू असायला हवा होतास.

रंजिता


१४ डिसेंबर २०२४

संजय,

रामधन म्हणाला, तू कागद घेतलास, घडी करून खिशात ठेवलास आणि पुन्हा मोळी बांधायला गेलास. मी त्याला विचारलं, वाचला का? तो म्हणाला, "मी काय थ्याच्या मांगं मांगं फिरू?" असो.

मी महागावला जाऊन आले. पंचायत समितीतल्या बाबूनं अर्धा तास उभं ठेवलं, मग संगणकात बघून म्हणाला, "तुमच्या तांड्याचं निरंक आहे. एकशेबारा घरं, दिव्यांग व्यक्ती एकही नाही." मी म्हटलं, असं कसं? तो म्हणाला, "आमी काय घरोघर जातो? खालून जसं आलं तसं चढवलं." खालून कुठून, ते मी विचारलं नाही. गर्दी होती.

मग यवतमाळला गेले. तांड्यापासून फुलसावंगीपर्यंत पायी, तिथून महागावला काळीपिवळी, तिथून एसटी. तुझा सवलतीचा पास एसटीत चालतो, पण एसटी आपल्या तांड्याकडं ढुंकूनही पाहत नाही आणि काळीपिवळीत पास दाखवला तर लोक हसतात. मला दोन्ही पाय, दोन्ही कान आहेत, तरी पोचेपर्यंत दुपार झाली. ज्याला चालता येत नाही तो तिथवर जात नसेलच. तो घरीच बसत असेल आणि ऑफिसात लिहीत असतील की कुणी आलं नाही.

केंद्र तू कागदावर पाहिलंस तसंच आहे. मोठा हॉल, टेबलांवर उघड्या मोटारी. सगळी पोरं माना खाली घालून वेढे देत होती. माझ्याकडं कुणी वर बघेना, मग लक्षात आलं की मी आल्याचं त्यांना कळलंच नव्हतं. वॉर्डन वच्छलाबाई आहेत. त्यांनी मला राहायची खोली दाखवली. वीस खाटा. अकरांवर गाद्या पसरलेल्या, नवांवर गुंडाळलेल्या.

मी विचारलं, या का रिकाम्या? त्या भडकल्याच. म्हणाल्या, "मलेच विचारता? तुमच्या तालुक्यातून तीन नावं आली, तीन. तुमच्याकडं बहिरे जन्मतच नाहीत का? अंगणवाडीले विचारते तं निरंक, आशाले विचारते तं निरंक. अन् जत्रेत गेली का दहा पोट्टे दिसते हातानं बोलून राह्यलेले. थे कोनाचे असते मंग?"

एका पोरानं हातानं माझं नाव विचारलं. मी नाकातल्या फुलीला बोट लावलं, तू मला ज्या खुणेनं हाक मारतोस तीच. तो हसला. वच्छलाबाईंनी पाहिलं आणि विचारलं, तुम्हाला हे कसं येतं? मी म्हटलं, असंच शिकले.

उपाय आहे. सर्वे ज्यानं केला त्यानं लेखी द्यायचं की या घरातल्या व्यक्तीचं नाव माझ्याकडून सुटलं. तो कागद सात दिवस ग्रामपंचायतीत लावायचा, म्हणजे कुणाची हरकत असली तर कळावी. बस्स. तुझं अपंगत्वाचं प्रमाणपत्र शाळेपासूनचं आहेच. मी तो कागद लिहून घेते आहे.

याडीनं तुझ्यासाठी तिळाची चटणी पाठवली आहे. सगळ्या टोळीला वाटू नकोस.

रंजिता


३० डिसेंबर २०२४

संजय,

मागच्या दोन कागदांत मी खोटं लिहिलं. काही ठिकाणी सरळ खोटं, काही ठिकाणी अर्धवट. आता खरं लिहिते.

तांड्याची आशा म्हणून सर्वे मीच केला. हे तुला सांगायची गरज नाही, कारण फॉर्म तूच भरलेस. माझं अक्षर कोंबडीच्या पायांचं, म्हणून पाच वर्षं माझी सगळी रजिस्टरं तू लिहितोस. मी घरोघर जाऊन विचारून यायची, चिठोऱ्यावर खरडायची आणि तू रात्रीच्या जेवणाआधी पानं लिहून काढायचास. एकशेबारा घरं. त्यातलं सदतीस नंबरचं घर आपलं. देवीलाल, लालीबाई, रंजिता, संजय. ते एक पान मी तुला दिलं नाही. मी स्वतः लिहिलं. दिव्यांग व्यक्ती या रकान्यात लिहिलं, निरंक.

भारतचे लोक त्याच आठवड्यात येणार होते. याडी म्हणाली, "या टायमाले नको लिहू. एकदा सगाई होऊ दे. घरात मुका हाय म्हून कागदावर आलं का ते म्हनतील, पोरीच्या पोटीबी तसंच निपजन." मी याडीवर ढकलू शकते. पण पेन माझ्या हातात होता. दुसऱ्यांच्या घरी जाऊन मीच सांगायची, लपवू नका, पोराचं नुकसान होतं, सरकार आता पुष्कळ देतं. जिथं माणसं नको म्हणाली तिथं मी हुज्जत घातली नाही. हातात बांगड्या भरलेल्या पोरी दारात उभ्या होत्या, त्यांचीही लग्नं ठरत होती. मला समजत होतं. आपल्या तांड्यात तू धरून चार जण आहेत आणि चौघंही मी निरंक केले.

तेव्हा मला त्या केंद्राचं माहीत नव्हतं, हे तू लक्षात घे. की हे पण मी स्वतःला सोडवायला लिहिते आहे? फुलचंदनं कागद दाखवला तो नंतर, पंधरा दिवसांनी. त्या पंधरा दिवसांनंतरही मला दुरुस्ती करता आली असती. नाही केली.

आणि तुला माहीत होतं. यादी लागायच्या कितीतरी आधी. पानं नंबराप्रमाणं लावून, समास आखून, दोरी तूच बांधलीस. छत्तीस आणि अडतीसच्या मधे माझं ते वेडंवाकडं पान तूच ठेवलंस. वाचल्याशिवाय तू ठेवलं असशील हे शक्य नाही. तू काहीच म्हणाला नाहीस. पुढची पंचाहत्तर घरं तशीच सरळ ठेवून गाठ मारलीस आणि गठ्ठा माझ्या हातात दिलास. भिंतीवरच्या यादीसमोर तू वळून माझ्याकडं पाहिलंस ते चूक कुणाची हे विचारायला नव्हे. मी आता तरी बोलते का, ते बघत होतास. आणि मी म्हणाले, ऑफिसची चूक.

आणखी एक. वच्छलाबाईंनी विचारलं होतं, घरात कोण आहे? मी म्हणाले, शेजारी आहे एक.

कागद लिहून तयार आहे, पिशवीत आहे. उद्या शेवटचा दिवस. सकाळच्या पहिल्या गाडीनं जाते.

रंजिता


१५ जानेवारी २०२५

संजय,

मी गेले नाही.

एकतीस तारखेला सकाळी भारतची मावशी आणि दोन बाया अचानक आल्या, सगाईच्या आधी घर बघायला. याडीनं माझ्याकडं पाहिलं. मी पिशवी कोठीत ठेवली आणि चहा टाकला. पुरणाचा घाट घातला. मावशीनं विचारलं, भाऊ कुठं आहे? याडी म्हणाली, कामाला गेला आहे बाहेर. मी पोळ्या लाटत राहिले. चार वाजता त्या गेल्या तेव्हा ऑफिस बंद व्हायला दोन तास होते आणि महागावची शेवटची गाडी निघून गेली होती. खोटं कशाला बोलू, त्या लवकर गेल्या असत्या तरी मी गेले असते का, हे मला अजून माहीत नाही.

पाच तारखेला सगाई झाली. तांड्याचा नायक, पंच, सगळे जमले. मला गूळ भरवला.

नऊ तारखेला मी उठले आणि दारव्ह्याला गेले. आठवडी बाजार होता. भारत स्टँडवर सीट भरत होता. मला बघून घाबरला, काही अशुभ घडलं की काय म्हणून. मी त्याला रसवंतीच्या बाकावर बसवलं आणि सगळं सांगितलं. माझा भाऊ जन्मतः ऐकत नाही, तो ऊस तोडायला गेला आहे, मी त्याचं नाव तुझ्यासाठी खोडलं. मोडायची असेल तर सगाई मोड.

त्यानं रसाचे दोन ग्लास सांगितले. म्हणाला, "मले माहीत हाय तुहा भाऊ. फुलचंदच्या दुकानात मी थ्याले पाह्यलं. सगाईच्या बोलणीच्या आंधीच पाह्यलं. माह्या मावशीलेबी ठाऊक हाय."

मी म्हटलं, मग बोलला काहून नाही?

"तुमी लपवून राह्यले होते, तं मी कायले बोलू? तुमाले वाईट वाटलं असतं. मले काय, पोरगा चांगला हाय. माह्या जीपचा स्टार्टर थ्यानंच बांधून देल्ला."

रसाचा ग्लास हातात तसाच राहिला. संजय, सगळ्यांना माहीत होतं. मावशी तुझी चौकशी करून गेली ती आम्ही खरं बोलतो का हे बघायला, आणि आम्ही बोललो नाही म्हणून तीही सभ्यपणानं गप्प बसली. ज्या माणसासाठी तुला कागदावरून काढलं त्याच्या गाडीत तू बांधलेली तार फिरत होती. मी तिथं भर बाजारात रडले. भारतला काय करावं ते कळेना, तो दुसऱ्या जीपवाल्याला सीटा देऊन आला आणि शेजारी बसून राहिला.

आता नीट वाच. वच्छलाबाईंचा फोन आला. जागा भरल्या नाहीत म्हणून मुदत एकतीस जानेवारीपर्यंत वाढली आहे. माझा लेखी कागद मी दुसऱ्याच दिवशी दिला. तो ग्रामपंचायतीत लावला आहे. ज्याची मला एवढी धास्ती होती तो कागद कुणी थांबून वाचलासुद्धा नाही. आरोग्य केंद्राच्या डॉक्टरसाहेबांनी मला नोटीस दिली आहे, ती मी घेतली. बाकीच्या तिघांच्या घरीही मी पुन्हा जाऊन आले. एक आई तयार झाली. दोन दारांतून हाकललं.

सोबत फॉर्म आहे. आता फक्त तुझ्या हातानं भरून तुझी सही पाहिजे. सगळे रकाने भर, एकही मोकळा ठेवू नकोस, नाहीतर परत करतात. रामधनला सांगितलं आहे, सही घेतल्याशिवाय जीप हलवायची नाही. मुकादमाशी बा बोलला आहे. किती दिवसांनी त्याच्या तोंडून शब्द निघाला, आणि तो तुझ्यासाठी निघाला. मुकादम तुला सोडायला तयार आहे, तुझ्या जागी मोळ्या वाहायला बा स्वतः येतो म्हणतो. याडीनं तुझे कपडे धुऊन ठेवले आहेत. अकरा फेब्रुवारीच्या आत तू त्या खाटेवर असशील.

माझ्याशी आयुष्यभर बोलू नकोस. फक्त सही कर.

रंजिता


४ फेब्रुवारी २०२५

संजय,

फॉर्म तीस तारखेला मिळाला. रामधन म्हणाला, तू उसाच्या फडाच्या कडेला बसून, कागदाखाली पाटी घेऊन, सावकाश भरलास. आधी हात धुतलेस. त्यानं विचारलं, काही निरोप? तू नाही म्हणून मान हलवलीस.

मी उघडून पाहिला नाही. वाटलं, तुझं आहे, आपण कशाला बघायचं. एकतीसला पहिल्या गाडीनं निघाले आणि यवतमाळला वच्छलाबाईंच्या हातात दिला. त्यांना तुझं अक्षर इतकं आवडलं की त्यांनी शेजारच्या बाबूला बोलावून दाखवलं. नाव, जन्मतारीख, जन्मतः कर्णबधिर, शिक्षण दहावी, कामाचा अनुभव मोटार दुरुस्ती दोन वर्षं. मग त्यांचं बोट शेवटच्या रकान्यावर थांबलं.

प्रशिक्षण घेण्याची इच्छा आहे का? नाही.

खाली सही, तारीख, सगळं जागच्या जागी.

वच्छलाबाईंनी मला विचारलं, "हे थ्यानंच लिवलं?" मी हो म्हणाले. त्या म्हणाल्या, "शेजारचा ना तुमच्या?" मी म्हणाले, माझा भाऊ आहे. खोलीत बाबू आणि मास्तर होते, मास्तरांना ऐकू येत नाही म्हणून मी हातानंही सांगितलं, माझा भाऊ. मी विनवलं, दुसरा फॉर्म द्या, मी स्वतः कऱ्हाडला जाते, पाय धरते त्याचे. वच्छलाबाईंचे डोळे भरले होते. पण संध्याकाळी मुदत संपत होती आणि कऱ्हाड किती लांब आहे ते त्यांनाही माहीत होतं.

ती तयार झालेली आईही पोराला घेऊन केंद्रात आली होती. सोळा वर्षांचा आहे, अठराच्या आत घेत नाहीत. त्याला परत पाठवलं.

लग्न मे महिन्यात आहे. तू यावंस असं लिहायला घेतलं होतं, ते खोडलं. पाठीमागं बघत जा, एवढंच. ट्रॅक्टर मागं येतो तेव्हा जमीन आधी हलते, तुझ्या पायांना कळत असेल, तरीही.

तू पंचवीस वर्षांचा होशील तेव्हा हा कागद तुझ्या हातात पडेल. म्हणून एक गोष्ट तुला सांगायलाच हवी. निघताना बाबूनं तुझा फॉर्म फाईलला लावला. त्याला बरंच मोकळं वाटलेलं दिसलं. नऊ खाटा रिकाम्या का, हे वरून सारखं विचारत होते आणि त्याच्याकडं उत्तर नव्हतं. आता आहे. माझ्यासमोर त्यानं अहवालात लिहिलं, ग्रामीण भागातील दिव्यांग युवक प्रशिक्षणास इच्छुक नाहीत, आणि पुरावा म्हणून तुझ्या फॉर्मचा नंबर टाकला. मी त्याला सांगायला हवं होतं की हे ‘नाही’ केंद्राला नाही, प्रशिक्षणाला नाही, मोटारींना तर नाहीच नाही. हे मला आहे. माझं तोंड उघडलं नाही. पुढच्या वर्षी त्या खाटा कमी करणार आहेत.

रंजिता